नवरी म्हणून आणलेलं कासव

"हे दगडविटेनं झालेलं नाही," मी म्हणाले.

"नक्की का? की मला बरं वाटावं म्हणून म्हणताय?" यमुताईंनी विचारलं.

"बरं वाटावं म्हणून बोलायचा मला पगार मिळत नाही."

"मग पुढं सांगा," असं म्हणून त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या.

वर्ध्याच्या गुरांच्या दवाखान्यातल्या टेबलावर एक कासव होतं. पाण्यातलं नव्हे, जमिनीवर राहणारं. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या, आकार दोन ओंजळींएवढा. ऐंशी सालानंतरचा तो काळ. मी तिथं पशुवैद्यकीय अधिकारी होते आणि आसपास बाई डॉक्टर म्हणून मी एकटीच. शेतकरी दवाखान्यात शिरला की आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्या मागे कोणी पुरुष डॉक्टर उभा आहे का ते बघायचा. यमुताई मात्र बांबूची टोपली घेऊन सरळ माझ्यासमोर आल्या होत्या.

"मॅडम, याले धरू कसं?" मलमपट्टी करणारा आमचा ड्रेसर गुलाबराव म्हणाला. "पाय तं आतच घेऊन राह्यलं. बैलाचं बरं असते, शिंगं तरी असतात धरायले."

"धरू नका. नुसती टॉर्च पाडा."

मागच्या उजव्या बाजूला कवचाच्या कडेचा एक तुकडा उडाला होता. तिथं, कवच आणि पाय यांच्या मधली मऊ कातडी फाटली होती आणि तिच्यात अळ्या पडल्या होत्या. श्रावणाचे दिवस, माशा भरपूर. मी चिमट्यानं एकेक अळी काढत होते आणि यमुताई मान न वळवता बघत होत्या. बहुतेक लोक अशा वेळी खिडकीबाहेर बघतात.

यमुताई नालवाडीच्या बाजूच्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापिका. पन्नाशी ओलांडलेली बाई, अंगावर खादीची जाड साडी, बोलणं मोजकं. संस्थेचे सचिव नानासाहेब यांनी आंध्रातल्या पाहुण्यांकडून दोन कासवं आणून वसतिगृहाला भेट दिली होती. 'जोडी आणली' असं त्यांनी सांगितलं, म्हणून मुलींनी मोठ्याचं नाव नवरदेव ठेवलं आणि धाकटीचं नवरी. सचिव पाहुण्यांना घेऊन आले की आधी कासवं दाखवायचे, मग ग्रंथालय. नवरी अंडी कधी घालणार याची चौकशी प्रत्येक भेटीत व्हायची. अंडी काही येत नव्हती. जखमा येत होत्या.

कासवांना सकाळी चारा घालायचं काम पाळीपाळीनं मुलींकडे असे. ती वेळ प्रार्थनेची आणि नंतर सूत कातायची. सगळं वसतिगृह सभागृहात असायचं, फक्त पाळी असलेल्या मुलीला सूट. बाकीच्यांना कासवांसाठी भाजीची देठं चिरायचा कंटाळा. सातवीतल्या सुजाताला मात्र कासवांचा भारी लळा, म्हणून तिनं सगळ्यांच्या पाळ्या स्वतःकडे घेतल्या होत्या. तेव्हा जखम कोणत्याही दिवसाची असो, पाळी सुजाताचीच निघायची.

चार दिवसांपूर्वी नानासाहेब न कळवता प्रार्थनेच्या वेळी आले. मागच्या अंगणात सुजाता बसलेली. एका हातात रक्ताळलेलं कासव, बाजूला अर्धी वीट. त्यांनी तिथंच निकाल दिला. मुक्या जनावराला मारणारी मुलगी आपल्या संस्थेत नको. रोहण्याला, तिच्या गावी, वडिलांना निरोप गेला की मुलीला घेऊन जा.

"तिच्या गावापासून शाळा लांब आहे," यमुताई म्हणाल्या. "घरी गेली की शाळा संपली. पुढच्या हंगामात कापूस वेचायला. हे मी तुम्हांला दया यावी म्हणून सांगत नाही. उद्या सकाळी नानासाहेब येतायत, वडीलही येतायत. मला फक्त खरं काय ते हवंय. तिनं मारलं असेल तर मी स्वतः तिला बसमध्ये बसवून देईन."

"ती काय म्हणते?"

"म्हणते, नवरदेव मारतो. नानासाहेब हसले. कासव कधी कोणाला मारतं का, म्हणाले. मलाही तसंच वाटलं. पण मुलगी खोटं बोलणारी नाही, म्हणून म्हटलं आधी डॉक्टरला विचारावं."

ही गोष्ट मला फार आवडली. मुलगी आपली म्हणून ती खरी, असं त्या म्हणत नव्हत्या. सचिव मोठे म्हणून ते खरे, असंही नाही.

दगड किंवा वीट का नाही, ते मी त्यांना समजावून सांगितलं. माणूस मारतो तेव्हा वरून मारतो. मग ओरखडा पाठीच्या घुमटावर हवा. इथं पाठ स्वच्छ होती. जखमा सगळ्या खाली, मागच्या बाजूला आणि कडेला, म्हणजे दुसऱ्या कासवाच्या उंचीला. शिवाय काही भरत आलेल्या, काही ओल्या. हे रोजचं काम होतं, एका दिवसाच्या रागाचं नव्हे.

मग मी कासव हलकेच उताणं केलं. आमच्या कॉलेजात म्हैस, गाय, बैल, शेळी, कोंबडी एवढं शिकवलं. कासवावर एक तासही झाला नाही. पण नागपूरला आमचे एक सर बागेत अशीच कासवं पाळायचे आणि सुटीत आम्हांला ती उलटीपालटी करून दाखवायचे. मादीचं पोट सपाट असतं आणि शेपटी आखूड. नराचं पोट आत दबलेलं, शेपटी लांब आणि मुळाशी जाड.

समोरच्या नवरीचं पोट दबलेलं होतं. शेपटी बाजूला मुडपून ठेवावी लागावी एवढी लांब.

"यमुताई, ही नवरी नाही. हा नर आहे."

"आणि नवरदेव?"

"बघावा लागेल. पण या जखमा बघता तोही नवरदेवच असणार."

गुलाबरावला हसू आवरेना. "म्हंजे मॅडम, सचिव साहेबांनी दोन पोरांचंच लगन लावून देल्लं!"

यमुताईसुद्धा क्षणभर हसल्या. मग म्हणाल्या, "उद्या याल का? मी सांगितलं तर मी मुलीची बाजू घेते असं होईल."

दुसऱ्या दिवशी माझा घटसर्पाच्या लसीचा कार्यक्रम होता. घटसर्प म्हणजे पावसाळ्यात गुरांचा घसा सुजवून पटकन मारणारा रोग. पोळा तोंडावर आलेला, सगळ्यांना आपापले बैल धड हवे होते. मी आमच्या वरिष्ठ साहेबांना फोन केला.

"कासव?" साहेब म्हणाले. "सरकारी जीप कासवासाठी?"

"जीप नको सर. माझी लूना आहे. फक्त गावात तासभर उशिरा पोचेन."

"कासवाला काय झालं तरी काय?"

"मारामारी."

 मग, "जा. पण हे कोणाला सांगू नका," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सकाळी मी पोचले तेव्हा व्हरांड्यात एक माणूस पायरीवर बसला होता. डोक्याला पांढरा रुमाल, पायाशी मुलीची पत्र्याची पेटी, पेटीला सुतळी बांधलेली. सुजाताचे वडील पहिल्याच एसटीनं आले होते. मुलगी खांबाला टेकून उभी होती. रडत नव्हती. तिनं मला पहिला प्रश्न विचारला, "ते जगन का जी?"

"जगेल. खायला लागलं की मला कळव," मी म्हणाले. जखमी कासव मी टोपलीतून परत आणलं होतं.

नानासाहेब आले. धोतर, काळा कोट, पॉलिश केलेले काळे बूट. माणूस वाईट नव्हता. संस्थेसाठी त्यांनी पुष्कळ केलं होतं. पण एकदा बोलून गेले की आपला शब्द ते स्वतः परत घेत नसत.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही कायले त्रास घेतला?" ते म्हणाले. "मी डोळ्यांनी पाह्यलं. पोरीच्या हातात कासव होतं, बाजूले वीट होती."

"मारताना पाहिलंत?"

"आता मारायचं काय राह्यलं होतं? आणि पोरगी म्हणते, दुसऱ्या कासवानं मारलं. काऊन मारन ते? देवळात गाभाऱ्यासमोर कासवाले बसवतात, का म्हणून? सगळ्यात गरीब जीव म्हणून. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा."

"सांगत नाही, दाखवते. मागच्या अंगणात चला."

"मंग सोडा दोघाले मोकळं. पाहू."

"जखमी जनावर मी मोकळं सोडणार नाही. दुसरी सोय करते."

कोंबडी झाकायचं विरळ विणीचं बांबूचं डालं यमुताईंनी मागवलं. धाकटं कासव त्याखाली ठेवलं, बाहेरून दिसेल असं. हाताभर अंतरावर सुजातानं नवरदेवाला आणून ठेवलं. तो पहिल्यापेक्षा बराच मोठा होता. मी त्याला उताणं करून नानासाहेबांना पोट दाखवलं, शेपटी दाखवली. दबलेलं पोट, लांब शेपटी. दोन्ही नर. त्यांनी मान हलवली, पण ती मानल्याची नव्हती.

"जोडी म्हणून देल्ली होती मले," ते म्हणाले.

"देणाऱ्यालाही ठाऊक नसेल."

आणि मग काहीच झालं नाही. आभाळ भरलेलं होतं. ऊन नसलं की कासवाचं अंग तापत नाही आणि अंग तापल्याशिवाय ते हालत नाही. नवरदेव दगडासारखा बसून राहिला. सभागृहातली प्रार्थना संपली, चरख्यांचा आवाज सुरू झाला. नानासाहेबांनी घड्याळ काढून पाहिलं.

"याच्यापेक्षा गरीब दाखवा म्हणा एखादा," ते म्हणाले.

"ऊन येऊ द्या," मी म्हणाले. मनात मात्र लसीच्या थर्मासमधला बर्फ किती राहिला असेल याचा हिशेब चालू होता.

यमुताई तशाच उभ्या होत्या. घाई नाही, चुळबूळ नाही. एखादीनं एवढ्यात नानासाहेबांची समजूत काढायला घेतली असती.

ढग सरला. अंगणात ऊन पडलं. थोड्या वेळानं नवरदेवानं मान बाहेर काढली, इकडे तिकडे पाहिलं आणि त्याला डाल्याखालचं कासव दिसलं. त्यानं डोकं एक-दोनदा वरखाली केलं. पाय ताठ करून अंग जमिनीपासून उचललं. आणि मग तो चालला नाही, धावलाच. कासवाचं धावणं जेवढं असू शकतं तेवढं. डाल्यापाशी पोचताच त्यानं मान आत ओढली आणि पुढची कड डाल्यावर आपटली. ठक. मागे सरला, परत ठक. डालं हाललं. आतलं कासव लगेच आक्रसून बसलं.

नानासाहेबांचा चेहरा उजळला. "अहो, हे तं खेळून राह्यले! नवरा-बायकोचं चाललं. तुम्ही उगाच..."

मी डालं कासवासकट उचलून बाजूला नेलं. नवरदेवाला समोर काही दिसेना. दिसला तो नानासाहेबांचा काळा, चकचकीत बूट. त्यानं अंग वळवलं, डोकं हलवलं आणि सरळ बुटावर धडक मारली. नानासाहेब मागे सरले, तो पुढे गेला. ठक. ते आणखी सरले, त्यानं गाठून परत मारली. चरखे सोडून खिडकीत जमलेल्या मुली हसू दाबायच्या भानगडीतही पडल्या नाहीत.

"अरे! अरे याले! पकडा ना कोणी!"

"तुमच्याशी काही तो संसार करत नाही, नानासाहेब," यमुताई शांतपणे म्हणाल्या.

सुजातानं धावत जाऊन त्याला उचललं. नराच्या गळ्याखाली, पोटाच्या कवचाचं टोक थोडं पुढे आलेलं असतं. लढताना नर तेच दुसऱ्याच्या कडेखाली घालतो आणि वर उचलतो. दुसरं कासव उलटं पडतं. भर उन्हात उलटं पडलेलं कासव फार काळ टिकत नाही. मी नवरदेवाचं ते टोक धाकट्याच्या तुटलेल्या कडेला लावून दाखवलं. दार चौकटीत बसावं तसं बसलं.

नानासाहेबांनी खाली वाकून पाहिलं. चष्मा काढून पुसला, परत पाहिलं.

"मंग पोरगी काय करत होती तिथं?"

"उलटं पडलं का सरळ करतो जी मी," सुजाता म्हणाली. "रोज करतो. त्या दिवशी रक्त आलं म्हून हातात घेऊन बसलो."

"आणि वीट?"

आता मलाही उत्तर हवं होतं, कारण अंगणाच्या कोपऱ्यात मला विटांचं एक रिंगण दिसलं होतं. घमेल्याएवढं लहान. एका जागची अर्धी वीट निघालेली, मधोमध एकच ताटली.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

सुजातानं खाली पाहिलं. मग म्हणाली, "मी."

"कशासाठी?"

"भांडत होते म्हून. भांडण झालं का दोघींनी एका ताटात जेवायचं, एका खोलीत राह्यचं, बोलेपर्यंत बाहेर नाई यायचं. मंग मी त्याह्यले तसंच ठेवलं. पण ते काई बोलेनात."

खिडकीत कोणी हसलं नाही. मी खरं तेच सांगितलं, कारण लपवून उपयोग नव्हता. या रिंगणानंच जास्त घात केला होता. मोकळ्या अंगणात हरलेलं कासव पळून झुडपाआड बसतं, आणि जिंकणारा सोडून देतो. इथं पळायला जागाच नव्हती. एका ताटलीमुळे तर तोंड समोरासमोर येणार, रोज.

नानासाहेबांना पायाखाली परत जमीन सापडली. "म्हंजे हिनंच कोंडलं! मारलं नसन, पण मरायले तं ठेवलंच ना?"

पायरीवरचे वडील उठून अंगणाच्या दारात येऊन उभे राहिले होते. यमुताई त्यांच्याकडे वळल्या नाहीत, मुलीकडेही नाही. त्या नानासाहेबांना म्हणाल्या, "तिनं नियम पाळला. नियम माझा आहे. भांडलेल्या दोघींना एका ताटात बसवायचं हे मी ठरवलं, इतकी वर्षं मला ते फार शहाणपणाचं वाटत होतं. तुम्हांलाही वाटलं. भोजनगृहाच्या भिंतीवर तुम्हीच ते पेंटर पाठवून रंगवून घेतलंत."

मग त्या पुढे म्हणाल्या,

"मी एका ताटात बसवलेल्या मुलींमध्येही कोणी एक हे धाकटं कासव असेल. ते मी कधी बघायला गेले नाही. त्याचा विचार मी करते, तो माझा भाग आहे. पण या मुलीनं तुमच्या-माझ्या शिकवणुकीबाहेर काय केलं, तेवढं सांगा. मग पेटी बसवर चढवू."

आवाज चढला नव्हता. मी पुष्कळ अधिकारी पाहिले आहेत. वरिष्ठासमोर, पालकांसमोर आणि खिडकीत मुली असताना आपला स्वतःचा नियम चुकला असं एका दमात म्हणणारा माणूस मला फारसा भेटलेला नाही. आमच्या खात्यात तर नाहीच.

नानासाहेब बुटाकडे पाहत होते. पॉलिशवर दोन पांढरे ओरखडे पडले होते.

सुजाताच्या वडिलांनी घसा साफ केला. "साहेब, मंग पोरीले नेऊ का नको? दुपारची गाडी हाये म्हून विचारलं."

"काही नेऊ नका," नानासाहेब एकदम म्हणाले. "कोणी सांगतलं न्यायले? पेटी ठेवा आत." मग सुजाताकडे बघून जरा खालच्या आवाजात, "पोरी, मले पूर्ण पाह्यलं पाह्यजे होतं."

वडिलांनी पेटीची सुतळी तिथंच सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, तेव्हा यमुताईंनी आतून सुरी आणून दिली आणि त्यांना जेवून जायला सांगितलं.

मी लसीसाठी निघाले. जाताना अंगणाची मापं पावलांनी काढून सांगितली: मधे आडवी विटांची भिंत, गुडघ्याएवढी. जाळी चालणार नाही. पलीकडचा दिसत राहिला तर नर दिवसभर जाळीला धडका मारत बसतो आणि नाक फोडून घेतो. दोन्हीकडे वेगळं पाणी, वेगळी ताटली, लपायला एकेक फुटका माठ आडवा. जखम रोज मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायची, वर मी दिलेलं पिवळं औषध, आणि माशा थांबेपर्यंत कासव घरातच.

भिंत दोन दिवसांत झाली. गवंडी नानासाहेबांनी पाठवला. धाकट्यानं आठवडाभर काही खाल्लं नाही, मग जास्वंदीचं फूल खाल्लं आणि सुजातानं ते सांगायला गुलाबरावबरोबर निरोप धाडला. कड तुटली ती तुटलीच, पण जखम कोरडी झाली. नानासाहेबांनी एकदा मला विचारलं, आता खरी नवरी आणून देऊ का. मी सांगितलं, मग दोघं भिंत पाडतील. त्यांनी विषय सोडला. पाहुण्यांना ते कासवं पुढेही दाखवत, फक्त बूट काढून.

भोजनगृहातली ती ओळ यमुताईंनी चुन्यानं पुसून घेतली. नवीन काही रंगवलं नाही. दोघी भांडल्या की त्या आधी दोघींना वेगवेगळं बोलावून ऐकायला लागल्या, असं कळलं.

सुजाता मॅट्रिक झाली, डी.एड. झाली. आता तालुक्याच्या शाळेत शिकवते. मध्ये भेटली तेव्हा मी विचारलं, कासव पाळतेस का. म्हणाली, "नाई जी, मांजर हाये."

हे वाचून कोणी कासव आणायला जाऊ नये. आता त्याला कायदा आडवा येतो, आणि तो आडवा आलेला बरा. पण ज्यांच्याकडे आधीपासून आहेत ते अजूनही दवाखान्यात येतात. दोन नर आणि एकच टोपली. मी भिंत घालायला सांगते. मग ते हमखास विचारतात, "पण मॅडम, एकट्याले करमन का त्याले?"

मला माहीत नाही. कासवाला करमतं की नाही हे ओळखायची खूण मला कोणी शिकवली नाही. एकट्या ठेवलेल्या कासवाच्या अंगात अळ्या मात्र मी अजून काढलेल्या नाहीत.